गेल्या सालचं पंचांग

कडुलिंबाच्या पाल्यात गूळ कालवताना तो कडसर वास आला, की माझं डोकं आजही तापतं. मी दहावीची परीक्षा दिली होती आणि अकरावीला धाराशिवला जायचं ठरलं होतं. पाडव्याला आमच्या बेंबळीच्या देवळात गुरुजी नोकरी, घरदार, शिक्षण, तब्येत असं एकेका राशीचं वर्षफळ वाचत होते. "कन्या राशीला औंदा शिक्षणात खंड, तब्येतीला जपा." माझी रास कन्या. झालं! माझ्या वडिलांनी, आण्णांनी, तिथंच सांगून टाकलं, "पोरीला आता धाराशिव न्हाय." मी तरातरा जाऊन गुरुजींच्या हातातलं पंचांग ओढलं, तर वरच्या पानावर साल गेल्या वर्षीचं! "नवं अजून आलं न्हाय," गुरुजी म्हणाले, "ग्रह काय वर्षात पळून जातेत व्हय?" मी ओरडले, "आण्णा, ह्याच खंडाच्या वर्षी म्या नववीच्या निकालात पहिली आले, दहावीबी दिली, साधा ताप सुदिक आला न्हाय!" आण्णांनी ते शिळं पंचांग माझ्या हातून घेऊन कपाळाला लावलं आणि मला घरी नेलं. पुढं धाराशिव मी पाहिलं ते लग्नाचा बस्ता बांधायला गेले तेव्हा. आता माझ्या लेकीची रास कुणी विचारली, की मी तिची मार्कलिस्ट पुढं करते.