ठोक्यापुरतं थांबणं

काल नदीपलीकडे, शहरात, माझ्या बहिणीच्या लग्नाची बोलणी होती. मुलाच्या वडिलांनी विचारलं, "तुमची काही अट?" बाबा म्हणाले, "अट एकच आहे," आणि मध्येच थांबले. मुलाच्या आईने पदर सारखा केला, वडील खुर्चीत पुढे सरकले. आता काहीतरी अवघड येणार, असं त्यांना वाटलं असावं. मला मात्र कळलं की बाबा घणाची वाट बघताहेत.

आमच्या उपनगरात, घरांना लागूनच, फोर्जिंगचा कारखाना आहे. तिथला मोठा घण पडला की खिडक्यांच्या काचा थरथरतात आणि शेजारच्याचा शब्दही ऐकू येत नाही. म्हणून आम्ही सगळेच ठोक्यापुरतं थांबतो आणि मग पुढचं बोलतो. भांडतानासुद्धा. शहरातले लोक म्हणतात, तिकडे फार आवाज असतो बुवा. असतोच. पण तेवढ्या थांबण्यात समोरच्याचा चेहरा नीट दिसतो, आणि जिभेवर आलेला वाकडा शब्द बऱ्याचदा परत फिरतो. शांत घरांमधून माणसं एकमेकांना किती सहज तोडून बोलतात, ते मी पाहिलंय. मला आमचा गोंगाट पुरतो.

त्या दिवाणखान्यात घण पडणार नव्हताच. बाबांच्याही ते लक्षात आलं, पण ते ओशाळले नाहीत.

"आमची मुलगी बोलताना मध्येच थांबते," ते म्हणाले. "तेव्हा तिचं बोलणं संपलं असं समजू नका. एवढीच अट."