मॉरिशसची रंगीत तालीम, मुक्काम लखनौ

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, वेळेअभावी हिंदी महासागर कार्यक्रमातून वगळण्यात आला आहे. याबाबत कोणीही पत्रव्यवहार करू नये.

हे वाक्य माझं नाही, माझी तेवढी प्राज्ञा नाही. नव्वदच्या दशकात लखनौमधल्या आमच्या हौशी मराठी वाद्यवृंदाला मॉरिशसच्या मराठी मंडळींनी बोलावलं, तेव्हा दौऱ्याची जी पहिली कार्यक्रमपत्रिका निघाली, तिच्या तळाला हे टाइप केलेलं होतं आणि खाली आमच्या दौराप्रमुखांची सही होती.

दौराप्रमुख म्हणजे हवाई दलातून निवृत्त झालेले विंग कमांडर. आम्ही त्यांना साहेब म्हणायचो. त्यांना एकही वाद्य वाजवता येत नव्हतं, म्हणून वाद्यवृंदाचं व्यवस्थापन त्यांच्याकडे होतं. त्यांचं घर सरोजिनी नगरमध्ये, कानपूर रोडच्या आतल्या बाजूला. बैठक चालू असताना अमौसीच्या विमानतळावर उतरणारं विमान डोक्यावरून गेलं की ते बोलायचं थांबत, घड्याळ बघत आणि "चार मिनिटं लेट" असं त्या विमानाला सुनावून पुढचा विषय घेत.

आम्ही चौदा जण होतो. कोणी संशोधन संस्थेत, कोणी विद्यापीठात, कोणी कॅन्टोन्मेंटमध्ये. तबल्याला मात्र अस्सल लखनवी माणूस होता. बँकेत नोकरी, मराठीचा गंध नाही, पण आमचं प्रत्येक गाणं त्यांना ठेक्यासकट पाठ. साहेबांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, मुख्य गायिका. मी निवेदक, म्हणजे दोन गाण्यांच्या मध्ये तबला उतरला असेल तर लोकांना हसवत ठेवणारा इसम. आणि आमच्याकडे व्हायोलिन एकच होतं. ते माझ्या बायकोच्या हातात होतं.

तर ती कार्यक्रमपत्रिका. नऊ दिवसांचा दौरा, चार कार्यक्रम. "०५३० जागे होणे. ०५४५ चहा. ०६०० सूर लावणे." दर्शनीय स्थळांत गंगातलाव होता, सात रंगांची माती होती, मोठ्या पानांच्या कमळांची बाग होती. प्रत्येक ठिकाणाला सव्वा तास. आणि मॉरिशस हे बेट असल्यामुळे चारी बाजूंना जो समुद्र आहे, त्याची सोय साहेबांनी अशी लावली होती: "विमान उतरताना डाव्या हाताला समुद्र दिसेल. खिडकीशी बसलेल्यांनी तो इतरांना सांगावा."

बैठकीत सगळे हसले. माझी बायको हसली नाही.

ती हर्णैची. घराच्या मागच्या दारातून समुद्र दिसायचा, नव्हे, रात्री खिडकी लावली तरी घरात यायचा, असं ती सांगायची. लग्न करून लखनौला आली. सुट्टीत आम्ही जायचो नागपूरला, माझ्या आईवडिलांकडे. दरम्यान तिच्या भावाने पुण्यात फ्लॅट घेतला, हर्णैचं घर विकलं आणि तिचं माहेर एका सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर गेलं. त्यानंतर अकरा वर्षं तिने समुद्र पाहिला नव्हता. मॉरिशसचं आमंत्रण आल्याच्या दिवशी तिने भिंतीवरचा मुलाचा शाळेचा नकाशा काढून जेवणाच्या टेबलावर पसरला होता आणि त्या ठिपक्याभोवतीच्या निळ्या रंगावर बोट फिरवलं होतं. बोलली काहीच नाही. बोलण्याचं काम घरात माझ्याकडे आहे.

बैठकीहून घरी आल्यावर मी विचारलं, "तू नाराज झालीस का?"

"मी काही म्हटलं का?"

"नाही, पण..."

"इतकी वर्षं गोमतीचं पाणी बघतेय, कधी काही म्हटलं का?"

ज्यांचं लग्न झालेलं आहे त्यांना यापुढचं सांगायला नको. मी दुसऱ्याच दिवशी स्कूटर काढून साहेबांच्या घरी गेलो.

"साहेब, समुद्राचं काय ते बघा."

"काय बघायचं?"

"समुद्रच. अर्धा दिवस द्या."

"समुद्रावर गेलेला माणूस वेळेवर परत येत नाही. अर्धा दिवस म्हणतो आणि संध्याकाळी ओल्या पँटने उगवतो. शिवाय वाळू. वाळू पेटीत गेली की पेटी संपली. खारी हवा व्हायोलिनच्या तारांना लागली की तारा संपल्या."

"वाद्यं हॉटेलवर ठेवू."

"आणि माणसं?"

वहिनी आतून म्हणाल्या, "अहो, द्या की अर्धा दिवस. मलाही पाय ओले करायचे आहेत."

"तू मध्ये बोलू नकोस, तू कलाकार आहेस," साहेब म्हणाले. मग डोक्यावरून विमान गेलं, ते वेळेवर होतं, आणि बहुधा त्यामुळेच त्यांचं मन जरा विरघळलं. "ठीक आहे. सिद्ध करून दाखवा. दौऱ्याची रंगीत तालीम करू. इथेच, लखनौत."

आयुष्यात मी नाटकाच्या तालमी पुष्कळ पाहिल्या होत्या. प्रवासाची तालीम हा प्रकार नवीन होता. साहेबांनी तो तासाभरात कागदावर उतरवला. फेब्रुवारीतला रविवार. चारबाग स्टेशन म्हणजे विमानतळ, तिथे एक वाजता सर्वांनी वाद्यांसह जमायचं. भाड्याची बस. पावणेदोनला बडा इमामबाडा, हे दर्शनीय स्थळ, सव्वा तास. तिथून एका शाळेच्या हॉलमध्ये जाऊन स्टेजवर पूर्ण कार्यक्रम. आणि अट एकच: इमामबाड्यातून निघून तीन वाजता चौदाच्या चौदा माणसं बसमध्ये बसलेली दिसली तर समुद्र मंजूर. साडेतेरा दिसली तरी नामंजूर.

मी ही अट घरी सांगितली. बायको फक्त "बरं" म्हणाली, पण त्या रात्री तिने भाजीत दोनदा मीठ घातलं.

रविवारी चारबागला आम्ही एकाला एक चिकटून उभे. पेट्या, डग्गे, बासऱ्यांच्या नळ्या आणि प्रत्येकाच्या गळ्यात साहेबांनी अडकवलेला नंबर. एवढं सामान बघून कुलींचा घोळका आला. त्यातल्या सगळ्यात वयस्कर कुलीने विचारलं, "बाबूजी, कौन सी गाड़ी?"

आमचे तबलजी अदबीने म्हणाले, "मॉरिशस मेल."

कुलीने पापणीही न हलवता सांगितलं, "वो तो लेट चल रही है."

साहेबांना हे अजिबात आवडलं नाही. त्यांनी शिट्टी फुंकली. शिट्टी ऐकून दोन अनोळखी प्रवासीही आमच्या बसमध्ये येऊन बसले, त्यांना उतरवण्यात तीन मिनिटं गेली. तरीही आम्ही इमामबाड्याच्या दाराशी पोचलो ते दोनला वीस मिनिटं असताना. पाच मिनिटं हातात! मी बायकोकडे बघून भुवया उडवल्या. तिने न बघितल्यासारखं केलं, पण पदर खोचला.

इथे एक कबुली. आमच्यातले बहुतेक जण लखनौत दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं राहत होते आणि एकानेही इमामबाडा धड पाहिला नव्हता. महाराष्ट्रातून पाहुणे आले की त्यांना आत पाठवायचं आणि आपण बाहेर उन्हात मूँगफली खात बसायचं, ही आमची पद्धत. त्यामुळे तालीम साहेबांच्या कल्पनेपेक्षाही खरी झाली. आम्ही खरोखरचे परदेशी होतो.

साहेबांनी गाइडला बजावलं, "पचहत्तर मिनट."

गाइड पान खाणारा, सावकाश माणूस. तो म्हणाला, "हुज़ूर, बनाने वालों को बरसों लगे थे."

"हमें बनाना नहीं है. देखना है."

"जी, देखने में तो और भी लगते हैं."

भूलभुलैयाला मी घाबरत होतो. अंधारे बोळ, सारखे दिसणारे दरवाजे, कुठे चढण तर कुठे उतार, तिथे माणूस हरवतो असं ऐकलं होतं. पण साहेबांनी सगळ्यांना नंबराप्रमाणे पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवायला लावला आणि आमची ती आगगाडी एकही डबा न गळता पार झाली. मी घड्याळ पाहिलं. अडीच. समुद्र जवळ जवळ खिशात होता.

मग गाइडने आम्हाला वरच्या सज्जात आणलं.

तो सज्जा आतल्या मोठ्या दालनाच्या भोवतीने फिरतो. खाली प्रचंड मोकळं दालन, मधे एक खांब नाही. गाइडने आम्हाला एका टोकाला उभं केलं, खूण करून गप्प बसवलं आणि तो स्वतः पार पलीकडच्या टोकाला गेला. तिथून तो बोटाएवढा दिसत होता. त्याने खिशातून कागद काढून फाडला.

तो कागद आमच्या कानात फाटला. मग त्याने काडी ओढली. पेटायच्या आधीचं ते खरखरणं, मग फस्स, मग ज्योत. चौदा जणांनी एकदम श्वास आत घेतला, तोही बहुधा त्याला तिकडे ऐकू गेला असणार.

साधी माणसं असती तर "वाहवा" म्हणून खाली उतरली असती. पण ही वाजवणारी माणसं! बासरीवाले म्हणाले, मला नुसता षड्ज लावून बघू द्या. तबलजींनी नखाने कठड्यावर तबल्याच्या काठावरचा 'ना' वाजवला आणि पलीकडे धावत जाऊन दुसऱ्याला वाजवायला लावला. "सुभानअल्लाह, ना की चाँटी तक साफ़ है!" वहिनी पलीकडे गेल्या आणि गुणगुणू लागल्या. इकडचे तिकडे, तिकडचे इकडे. गाइड भिंतीला टेकून पान लावत बसला, त्याला हे रोजचंच असावं.

आणि माझी बायको. जिच्यासाठी हा सगळा खटाटोप चालला होता, तीच त्या गर्दीत सगळ्यात पुढे होती. पलीकडच्या टोकाला वहिनींच्या शेजारी उभी राहून तिने भिंतीला कान लावला होता आणि डोळे मिटले होते. इकडून बासरीवाल्यांनी हलकेच सूर धरला, तशी तिची मान किंचित वळली, व्हायोलिन लावताना वळते तशी. पावणेतीन झाले होते. वेळ सांगण्याचं काम माझं होतं. तिला हाक मारायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. मला ते जमेना. इतक्या वर्षांत तिला इतकं रमलेलं मी फार थोड्या वेळा पाहिलं होतं, आणि ती वेळ मोडायची कशी, तर समुद्र बघायला मिळावा म्हणून! मी घड्याळाचा हात पाठीमागे घेतला.

साहेब मात्र माझ्या शेजारीच होते. त्यांच्या हातात स्टॉपवॉच होतं. तीन वाजले. तीन वाजून चार मिनिटं झाली. सात झाली. मला त्यांच्याबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे: त्यांनी शिट्टी फुंकली नाही. ते ओरडलेही नाहीत. तिला चारचौघांत वाईट वाटू नये म्हणून ते माझ्या कानाशी वाकले आणि अगदी हळू, जवळजवळ दिलगिरीच्या सुरात म्हणाले, "लिहून घ्या. समुद्र रद्द."

मी पेन काढलं.

आपण कुठे उभे आहोत हे साहेब विसरले होते. मीही विसरलो होतो. त्यांचं ते कुजबुजणं छताखालून अलगद पलीकडे गेलं आणि भिंतीला लागलेल्या तिच्या कानात उतरलं. तिने डोळे उघडले. त्या क्षणी तीही विसरली की जे तिकडे येतं ते इकडेही जातं. ती बोलली ती फक्त वहिनींशी, आपल्या नेहमीच्या बारीक आवाजात.

पुढे काय झालं ते आधी सांगून टाकतो, कारण ते वाक्य मला मागे ठेवायचं आहे. वहिनी इतक्या हसल्या की त्यांना कठडा धरावा लागला. तबलजींनी मला विचारलं, "भाभीजी ने क्या फ़रमाया?" आणि मी म्हटलं, "तर्जुमा नहीं हो सकता." साहेबांनी स्टॉपवॉच बंद करून खिशात टाकलं, दोन मिनिटं छताकडे बघितलं आणि चौदा माणसांना घेऊन सावकाश खाली उतरले. शाळेच्या हॉलमध्ये आम्ही चारऐवजी साडेचारला सुरुवात केली आणि छान वाजवलं. बायको बसमध्ये लालबुंद होऊन खिडकीबाहेर बघत बसली होती, पण व्हायोलिन त्या दिवशी फार गोड लागलं होतं. तीन दिवसांनी दुरुस्त कार्यक्रमपत्रिका घरी आली. तिच्यात सहाव्या दिवसापुढे एवढंच होतं: "समुद्र. पूर्ण दिवस. परतण्याची वेळ व्हायोलिनवादक ठरवतील." आणि त्याप्रमाणे तिने ती ठरवली, सूर्य पूर्ण बुडाल्यानंतर. साहेब तेव्हा गुडघाभर पाण्यात होते.

तर पन्नास पावलं लांबून, एकेक अक्षर सुटं, आम्हा सगळ्यांच्या कानात आलेलं ते वाक्य असं होतं:

"समुद्र रद्द करणारा हा मेला कोण लागून गेला? वाजव म्हणावं तूच व्हायोलिन, मी चालले पाण्यात पाय बुडवायला!"