अक्काचं पायदान

विजेवरची स्कूटर घ्यायची ठरवली, तेव्हा लोकांनी मला जेवढी मतं दिली तेवढी माझ्या लग्नाच्या वेळीही दिली नव्हती. शाळेत मी कारकून आहे. तिथल्या शिपायापासून हेडमास्तरांपर्यंत प्रत्येकाने मला बाजूला घेऊन सांगितलं की उन्हाळ्यात धुळ्यात बॅटरी भाजून निघेल. शेजारणीचं म्हणणं, आवाज नसलेली गाडी म्हणजे अपघाताला आमंत्रण, गल्लीतली म्हैससुद्धा बाजूला होणार नाही. यातल्या एकानेही कधी विजेवरची गाडी चालवलेली नव्हती. पण मत द्यायला लायसन लागत नाही.

सगळ्यात मोठा मतदार माझा थोरला भाऊ. त्याने अर्धं आयुष्य धुळ्याहून पारोळ्याकडे काळी-पिवळी जीप हाकली, आता स्वतःचा टेंपो चालवतो. आमच्या घरात चाकांच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा. गाडी दारात आणली तेव्हा त्याने तिच्याभोवती एक फेरी मारली, हँडल हलवून बघितलं आणि विचारलं, "किक कोठे शे?"

"किक नाहीये, भाऊ."

"मंग बंद पडनी तं काय करशी? हात जोडशी?" तो म्हणाला. "हाई गाडी नही, खेळनं शे."

मला राग आला, कारण गाडी मी हौसेने घेतली नव्हती. घेतली होती आमच्या आईसाठी. तिला सगळं गाव अक्का म्हणतं, म्हणून आम्हीही अक्काच म्हणतो. माझं सासर धुळ्यातच, माहेरापासून दोन गल्ल्या सोडून, त्यामुळे तिची रोजची तऱ्हा मला दिसत होती. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिचं बाहेर पडणं थांबलं होतं. बसची पहिली पायरी तिला चढवत नव्हती. मोटरसायकल उंच पडायची. भाऊ म्हणायचा, "मी टेंपोतून नेईन ना." नेईन खरं, पण टेंपोला भाडं नसलं तर, आणि भाडं नसलं की तो झोपायचा. अक्काची एकच बहीण राहिली आहे, पारोळ्याच्या पुढे आतल्या गावात. आमची ही मावशी अक्काहून मोठी. दोघी फोनवर बोलायच्या आणि फोन ठेवल्यावर अक्का बराच वेळ हातात मोबाईल धरून बसायची. ते मला बघवत नव्हतं.

तर गाडी बुटकी बघून घेतली. बसायला सोपी, पुढे पाय ठेवायला सपाट जागा, पिशवी अडकवायला हूक, मागे घ्यायचं असेल तर त्याचंही बटण. समोरच्या पडद्यावर नकाशा दिसतो, गाणी दिसतात, कुणाचा फोन आला तेही दिसतं. एवढं सगळं सुचलेल्या हुशार माणसांना एक गोष्ट मात्र सुचली नव्हती. अक्का मागे एका बाजूला बसते. साडी नेसणारी आमच्याकडची कुठलीही बाई तशीच बसते. आणि तिच्या पायांना ठेवायला जागाच नव्हती. होत्या त्या दोन बोटभर दांड्या, एक या बाजूला, एक त्या बाजूला, दोन्हीकडे पाय टाकून बसणाऱ्यांसाठी.

दुकानदाराला सांगितलं तर तो म्हणाला, "मॅडम, आजकाल सगळे तसेच बसतात."

"मग अक्काला पाठवते तुमच्याकडे," मी म्हटलं, "तुम्हीच समजावून सांगा तिला."

तो समजावायच्या भानगडीत पडला नाही. मी सरळ वेल्डिंगवाल्याकडे गेले आणि डाव्या बाजूला पत्र्याचं चांगलं रुंद पायदान बसवून घेतलं. अक्काने त्यावर दोन्ही पाय ठेवले, पदर खोचला आणि माझ्या मागे बसून गल्लीला एक चक्कर मारून आली. उतरताना ती हसत होती. भाऊ ओट्यावरून बघत होता. "पत्रा गुळगुळीत शे," एवढंच तो म्हणाला. "ओला व्हयना का पाय सटकी." त्याच्या सगळ्या मतांत हे एकच कामाचं होतं, आणि नेमकं तेच मी कानाआड केलं.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी सकाळी आम्ही दोघी निघालो. निघताना भावाने बजावलं, "कोठे अडकनात तं फोन करजो. टेंपो लई येसु." आणि अक्काकडे बघून म्हणाला, "पन मंग हाई फिरनं बंद." पायदानावर पाय जमवून अक्काने माझ्या खांद्यावर हात ठेवला. अक्काचं पुढचं सगळं फिरणं या एका दिवसावर अवलंबून आहे, हे आम्हा तिघांनाही तेव्हाच कळलं होतं.

जाणं सुखाचं झालं. आवाज नसल्यामुळे अक्का माझ्याशी बोलू शकत होती, हे आधी माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मोटरसायकलवर मागचा माणूस फक्त ओरडतो. इथे ती मला शेतं दाखवत होती, कापूस कुणाचा फुटला, कुणाची तूर पिवळी पडली, दादर कुठे चांगली आली. दादर म्हणजे आमची हिवाळी ज्वारी, तिच्या भाकरीवर अक्काचा फार जीव. मी गाडी चालवत होते आणि आई मागून गप्पा मारत होती. असं लहानपणापासून कधी झालं नव्हतं. मला फार बरं वाटलं.

मावशी दारातच बसली होती. दोघी बहिणी एकमेकींचे हात धरून बसल्या, मग एकदम दोघीही बोलायला लागल्या. मी चार्जर काढला आणि तिथे पहिली चपराक बसली. माझ्या चार्जरच्या पिना जाड, मावशीच्या भिंतीतली भोकं बारीक. घरभर फिरले, सगळीकडे बारीकच. माझ्या घरी जाड प्लगची जागा आहे म्हणून जगात सगळ्यांकडे असेल असं मी धरून चालले होते. तरी हिशेब केला. निम्मी बॅटरी शिल्लक होती, तेवढ्यात धुळं गाठता येत होतं.

पण तो हिशेब जाण्याचा होता, आणि आमच्याकडे माणूस जसा जातो तसा परत येत नाही. निघायच्या वेळी मावशीने ज्वारीचं अर्धं पोतं पुढच्या सपाट जागेत ठेवलं. मी नको म्हटलं.

"इतली दूर ऊनी, आनि रिकामी जाशी का?" मावशी म्हणाली.

मग भरताची वांगी आली, पिशवीभर. ती हुकावर. उडदाची डाळ सीटखाली कोंबली. शेवटी मावशी आतून एक लाल भोपळा घेऊन आली, आणि तो अक्काने निमूटपणे मांडीवर घेतला. या बाबतीत बहिणीला नाही म्हणता येत नाही, हे अक्काला माझ्यापेक्षा जास्त कळतं. गाडी बनवणाऱ्यांनी एका चार्जमध्ये किती जाईल ते मोजलं, तेव्हा त्यांच्या मांडीवर भोपळा नसणार.

पारोळा ओलांडेपर्यंत पडद्यावरचे आकडे माझ्या डोळ्यांदेखत उतरायला लागले. मी वेग कमी केला. मागून ट्रक हॉर्न देत जात होते. पुढे फागणे गावाच्या अलीकडे पडदा लाल झाला आणि गाडी स्वतःहूनच हळू पडली. मी ती बाजूला घेतली आणि पर्समधून मोबाईल काढला.

"भाऊले फोन करू नको," मागून अक्का म्हणाली.

"अक्का, धुळं अजून लांब आहे."

"तो येई, माले टेंपोमा बसाडी, एक शब्द बोलाव नही. आनि उद्यापाइन मन्हं बाहेर पडनं सरनं."

तिचा आवाज चिडका नव्हता. तो घाबरलेला होता, आणि माझ्या आईचा तसा आवाज मी ऑपरेशनच्या आदल्या दिवशीही ऐकला नव्हता. मी मोबाईल परत ठेवला. गाडी रांगत पुढे निघाली. एका शेतातल्या घराशी आलो तेव्हा अक्कानेच खांदा दाबला. फाटकाला पाटी होती: येथे दळण दळून मिळेल.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. घरगुती गिरणीला जाड पिनांचा प्लग लागतो. माझ्या घरी ती जाड जागा गिरणीसाठीच तर केली होती.

घरात माझ्याच वयाची एक बाई होती, हात कोपरापर्यंत पिठाने पांढरे. मी सांगायला तोंड उघडलं, तोवर अक्का पुढे झाली. "दादर दळाले लयेल शे," ती म्हणाली. फुकटात कुणाची वीज मागणं तिच्या जिभेवर येईना. आधी गिऱ्हाईक व्हायचं आणि मग हळूच विषय काढायचा, असा तिचा बेत होता. बाईने पोतं आत ओढलं, गिरणीत ज्वारी ओतली, बटण दाबलं, आणि मी बघतच राहिले. खोलीत जाड भोकांचा सॉकेट एकच होता, आणि त्यात आता आमचंच दळण चाललं होतं.

मी अक्काकडे बघितलं. अक्काने गिरणीच्या प्लगकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडते. ती हसत होती. मग मलाही आवरेना. बाईला काय झालं ते कळेना. शेवटी सगळं सांगितलं तेव्हा तीही खाली बसून हसली. "अवं, पहिलेच सांगतीस ना," ती म्हणाली. गिरणी मध्येच थांबवली तर जातं अडकेल, म्हणून आधी दळण पुरं झालं आणि मग तोच प्लग काढून तिथे माझी गाडी लागली. पडद्यावर हिरवा दिवा दिसला आणि माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात भावाचा फोन आला. मी अक्काच्या हातात दिला.

"काय करी ऱ्हायनात?" त्याने विचारलं.

"दळन दळी ऱ्हायनूत," अक्का शांतपणे म्हणाली. यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

गाडी भरत होती तोवर बाईने आम्हाला घरात बसवून घेतलं. तिने आमचीच वांगी भाजून भरीत केलं, आमच्याच ताज्या पिठाची भाकरी केली. अक्का चुलीपाशी बसून तिच्याशी असं बोलत होती की जणू माहेरीच आली आहे. वर्षभरात तिने नव्या माणसाशी बोललेलं मी पाहिलं नव्हतं. कुणी भेटलंच नव्हतं तिला. बाईने दळणाचे पैसे घेतले, विजेचे घेईना, म्हणून अक्काने भोपळा तिच्या ओट्यावर ठेवला. त्याबरोबर बाई आत गेली आणि एका स्टीलच्या डब्यात उरलेलं भरीत भरून घेऊन आली. अक्काने डबा दोन्ही हातांनी घेतला. मी कपाळाला हात लावला, पण ओझं तरी कमी झालं होतं.

दिवेलागणीला आम्ही दारात पोचलो. भाऊ ओट्यावर उभाच होता. त्याने आधी अक्काकडे बघितलं, मग गाडीकडे, मग पिठाच्या पोत्याकडे.

"मावशीकडे गिरन कधी ऊनी?" त्याने मला विचारलं.

मी काही बोलायच्या आत अक्कानेच सगळं सांगितलं, पडदा लाल झाला इथपासून. लपवायची तिला गरज वाटली नाही, कारण ती आपल्या पायाने घरी आली होती. भाऊ ऐकत होता. मला वाटलं आता तो म्हणणार, बघ, सांगितलं होतं. तो म्हणाला, "डबा दे इकडे. उद्या मन्हं भाडं पारोळानंच शे, जाता जाता दी टाकसु."

हा आमच्या भावाचा चांगुलपणाच होता, आणि त्याने अक्काचा चेहरा पडला. तिने डबा जवळ ओढला.

"डबा मन्हा हातमा दियेल शे," ती म्हणाली. "मीच लई जासु."

आमच्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, हे भावालाही ठाऊक आहे. म्हणजे अक्का त्यात काहीतरी करून नेणार, ती बाई दुसरं काहीतरी घालून देणार, आणि हे आता थांबणार नाही, हे तो तिथे उभ्या उभ्या समजून चुकला असावा. तो जेवायला आत गेला.

आठवडाभर तो डबा धुऊन पुसून दाराजवळच्या फळीवर होता. शनिवारी अक्काने शेंगदाण्याचे लाडू केले आणि त्यात भरले. रविवारी सकाळी मी गाडी घेऊन आले, ती ओट्याशी लावली आणि चहाला आत गेले. बाहेर आले तेव्हा भाऊ गाडीजवळून उठत होता, हातात पाना होता. मला बघून तो टेंपोकडे चालता झाला.

मी वाकून बघितलं. पत्र्याच्या पायदानावर रबर बसवलेलं होतं, चारी कोपऱ्यांत नट घट्ट पिळलेले. रबर जुनं होतं, खाचाखाचांचं, एका कडेला झिजलेलं. त्याच्या काळ्या-पिवळ्या जीपमध्ये ड्रायव्हरच्या पायाखाली जी मॅट असायची, तिचा तो तुकडा होता. जीप विकली तेव्हा त्याने तेवढी एक वस्तू काढून ठेवली होती.

अक्काने पाय ठेवून बघितला. घासून बघितला. पाय हलला नाही.

"चाल," ती म्हणाली.