ज्यानं आवळलं त्यानं बसायचं

आदिलाबादला बस डेपोच्या मागं चंपतचं गॅरेज होतं. तिथं एक कायदा होता. कुठं लिहिलेला नव्हता, पण सरकारच्या कायद्यापेक्षा जास्त पाळला जायचा. गाडीच्या पुढच्या चाकांचं काम झालं, की शेवटचे नट ज्यानं आवळले त्यानं पहिल्या चकरेला ड्रायव्हरच्या बाजूला, डाव्या सीटवर बसायचं. मेकॅनिक स्वतः बाजूला बसलाय म्हटल्यावर गाडीवाला बिनधास्त गाडी पळवायचा.

हा कायदा चंपत आणि त्याचा धाकटा भाऊ नागनाथ यांनी केला. बाप दुसऱ्याच्या वावरात राबून मेलेला. आमच्या वस्तीतली पोरं मास्तर-कारकून व्हायला धावत होती, तेव्हा हे दोघं चार टिनं टाकून ग्रीस-ऑइलमध्ये उतरले. आधी लोक यांच्याकडं गाडी द्यायला कचरत. हातावर भरवसा नव्हता, का जातीवर, ते मी सांगायची गरज नाही. म्हणून कायदा. आमचा जीव बाजूला ठेवतो, आता बोला.

नागनाथ गेला तो याच कायद्यापायी. एका जीपचे पुढचे शॉकप, म्हणजे चाकांचे धक्के झेलणारे दांडे, चंपतनं बसवले, नट आवळले आणि कोपरापर्यंत माखलेले हात धुवायला हौदावर गेला. नागनाथ म्हणाला, "तू धू आरामात, मी जाऊन येतो," आणि डाव्या सीटवर बसला. भीमपूरच्या रस्त्याला पुलाशी जीप उलटली. ड्रायव्हर वाचला. तो कधी म्हणे म्हैस आडवी आली, कधी म्हणे स्टिअरिंग ओढलं गेलं. भाऊ जाळून चंपत जीप पाहायला गेला, तर मालकानं ती भंगारात विकून टाकलेली. जागेवर तेलाचा डाग तेवढा होता. नट टिकला होता का सुटला होता, हे सांगणारं काही उरलं नाही.

नागनाथची बायको मनकर्णा त्याच घरात राहिली. होस्टेलात स्वयंपाक करायची आणि दुपारचा डबा चंपतला पाठवायची. "तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, भाऊ," चंपत मला एकदा म्हणाला. "डबा येते, अन् गरम राह्यते."

त्यानंतर चंपत सगळं करायचा, पुढचे शॉकप सोडून. ते काम डोमाजीचं. डोमाजी जुना मेकॅनिक, तोंडानं फाटका, हातानं पक्का. तो आवळायचा आणि तोच बसायचा. चंपत तेव्हा पाठ फिरवून काहीतरी घासत बसायचा. गावात बोलणं सुरू झालं होतं, की या गॅरेजातून निघालेल्या गाडीची डावी सीट रिकामी असली तरी दबते. असं बोलणाऱ्या एका पानवाल्याची मी भर चौकात कॉलर धरली होती. आमच्या युवक मंडळाची खोली गॅरेजच्या समोरच, आणि भुताखेताच्या गोष्टी मी तिच्या आसपास चालू देत नसे. पण चंपत अशा वेळी माझ्या बाजूनं एक शब्द बोलत नसे.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात केशवराव आला. ट्रॅक्टरच्या सामानाचं दुकान होतं त्याचं, आणि शर्यतीचा शौक. जुनी मारुती घेऊन, उलटली तरी आतला माणूस चेपू नये म्हणून तिच्यात पाईपांचा पिंजरा बसवला होता. बासरच्या पलीकडं एका माळावर हौशी लोकांची शर्यत होती, दुसऱ्याच दिवशी. पुढचे शॉकप नवे, कडक, हैद्राबादहून आणलेले, ते बसवून हवे होते. डोमाजीनं आत डोकं घातलं आणि बाहेर काढलं.

"साहेब, डावी सीट कुठी गेली?"

"काढून टाकली. वजन कमी पायजे ना."

"मंग मी बसू कुठी? बोनेटवर?"

"तुमी काऊन बसता? मी एकटा चालवतो."

डोमाजीनं पाना खाली ठेवला. "ज्यात बसाले जागा नाई ते मी आवळत नाई. मालकाचा कायदा हाय, मालकाले इचारा." आणि बिडी काढली.

केशवराव चिडला. दुसरं गॅरेज करतो म्हणाला, पण दुसऱ्या गॅरेजवाल्यांना, हे काम तुम्हाला जमणार नाही, असं तोच आधी सुनावून आला होता. मग सगळे चंपतकडं पाहायला लागले. मीपण. चंपत कार्बोरेटर धूत होता. बराच वेळ धुतला. मग पाना उचलून गाडीखाली गेला.

त्याचा हात मी त्या दिवशी नीट पाहिला. वरचे नट नुसते बोटानं लावले, खालचे बोल्ट अर्धे. मग जॅक उतरवून गाडी चारी चाकांवर उभी केली, बोनेट दोन्ही हातांनी दाबून दाबून सोडलं. गाडी हवेत लटकलेली असताना आवळायचं नाही, तिचं वजन तिच्या पायावर आलं की मगच, ही त्यांची रीत. आवळताना त्याच्या मानेवर घाम आला आणि ओठ हलत होते. आकडे मोजत नव्हता तो.

मग दार उघडून, सीट जिथं नव्हती तिथं, नुसत्या पत्र्यावर बसला. पिंजऱ्याचा पाईप धरला. "चला."

कॉटन मार्केटच्या मागच्या रिकाम्या मैदानात केशवरावनं गाडी सोडली, आम्ही मागोमाग जाऊन कडेला उभे राहिलो. खड्डा आला की चंपतचं डोकं खिडकीत उडताना दिसायचं. चक्कर संपल्यावर तो उतरला, पाना लावला. एकही नट तसूभर फिरला नाही.

"पाह्यलं?" मी म्हणालो. "झालं समाधान?"

"हे आजचं हाय," तो म्हणाला, आणि परत आत बसला. "साहेब, अजून एक."

केशवरावनं अजून एक मारली. मग अजून एक. दर वेळी पाना, दर वेळी नट जिथल्या तिथं, आणि दर वेळी चंपतचा चेहरा आधीपेक्षा उतरलेला. शेवटी केशवराव किल्ली काढून बाहेर आला आणि माझ्याजवळ उभा राहिला. "भाऊ, पेट्रोल उद्यासाठी ठेवा लागते. तुमचा माणूस उतरून नाई राह्यला."

मी खिडकीशी गेलो. "उतर, चंपत. हात चांगला आहे तुझा. सगळ्यांनी पाहिलं."

"आज चांगला हाय म्हणजे तवा बी होता, असं म्हणता का तुमी?"

कलेक्टरच्या केबिनमध्ये टेबलावर हात आपटणारा माणूस मी. पण इथं हो म्हणणं खोटं झालं असतं आणि नाही म्हणायला जीभ वळेना. तो पाईप धरून तसाच बसला. मैदानातली धूळ खाली बसेपर्यंत.

केशवराव शर्यतीत मधेच कुठंतरी आला, गाडी धड राहिली. तेव्हापासून पुढचे शॉकप चंपतच आवळायला लागला. गिऱ्हाईक वाढलं. तक्रारही वाढली, कारण पूर्वी नाक्यापर्यंत जाऊन येणारी चक्कर आता भीमपूरच्या रस्त्यानं पुलाच्या पुढं जाते. गाडी परत आली की ड्रायव्हर उतरतो, पैसे देतो, आणि वैतागून डोमाजीला विचारतो, मेकॅनिक घरी घेऊन जायचा का काय. चंपत तरी लगेच उतरत नाही.