सुकुमार सरांनी न बोललेलं वाक्य

सुकुमार सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुसऱ्या फोनवर होते. इचलकरंजीच्या एका सूत व्यापाऱ्याच्या वेबसाइटवर नवे दर दिसत नव्हते आणि तो माझ्यावर तोंडसुख घेत होता. मी त्याला समजावत होते की दर बदललेत, तुमच्या कॉम्प्युटरनं जुनं पान साठवून ठेवलंय आणि तेच तो पुन्हापुन्हा दाखवतोय. मोबाइल वाजला. सरांचा मुलगा म्हणाला, "शोभाताई, पप्पा गेले." मी त्याला म्हटलं, "जरा थांब." आधी व्यापाऱ्याला कंट्रोल धरून एफ-फाइव्ह दाबायला लावलं. "आता दिसतंय की!" असं तो ओरडला, तेव्हा फोन ठेवला आणि मग निघाले. ऑफिसातल्या पोरी माझ्याकडे बघत राहिल्या. बघू देत. सरांनीही हेच केलं असतं, आणि वर त्या व्यापाऱ्याला आंधळा म्हटलं असतं.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहायचं असतं, असं हा लेख मागवणाऱ्या पुरवणीच्या संपादकांनी मला सांगितलं नाही. पण ते गृहीत धरलेलं असावं. मी प्रयत्न करून पाहिला. सर हुशार होते, कष्टाळू होते, जयसिंगपूरच्या व्यापारी घरातली चालती गादी सोडून कॉम्प्युटरच्या नादाला लागलेला त्यांच्या घरातला पहिला माणूस होते... हे सगळं खरं आहे. पण माझ्या नावावर एक चूक लागली होती आणि ती माझी नव्हती. एवढं एक वाक्य त्यांनी माझ्या वडिलांना सांगायला हवं होतं. ते न सांगता ते गेले. त्यामुळे चांगलं लिहायला घेतलं की हात तिथंच येऊन अडतो.

नव्वदच्या दशकात कोल्हापुरात मंगळवार पेठेत, पिठाच्या गिरणीवरच्या माडीवर त्यांचं ऑफिस होतं. गिरणीचं पीठ मशीनच्या पोटात जायचं, पंखा घरघरायचा आणि सर खाली वाकून गिरणीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. कॉम्प्युटर म्हणजे काय हे गावाला नीट ठाऊक नव्हतं, त्या काळात ते त्याचे रोग बरे करत होते. त्यांची पद्धत एकच होती. कुणी तक्रार घेऊन आलं की म्हणायचे, "करून दाखवा." गिऱ्हाईक काय सांगतं त्यावर विश्वास ठेवायचा नाही. समोर बसवायचं, तीच बटणं दाबायला लावायची आणि चूक आपल्या डोळ्यांनी बघायची. समोर झाली तर ती चूक. नाही झाली तर गिऱ्हाईक खोटारडं.

पद्धत खोटी नव्हती, आजही मी तीच वापरते. एका गूळ व्यापाऱ्याचा प्रोग्रॅम आपोआप पुढं पळायचा. एकामागून एक कोरी बिलं तयार व्हायची. सरांनी त्याला समोर बसवलं. तो माणूस सवयीनं गूळ-शेंगदाणे तोंडात टाकत टाईप करू लागला. सरांनी कीबोर्ड उचलला, सगळ्या गुमास्त्यांसमोर उलटा केला आणि एंटरच्या बटणाखाली अडकलेला गूळ नखानं काढून त्याच्याच तळहातावर ठेवला. "ह्यो घ्या तुमचा व्हायरस. पाक करून घाला घरात." सगळे हसले. तो माणूस हसला नाही. सरांना चूक सापडली की ती कुणाच्या तरी तोंडावर फेकल्याशिवाय चैन पडायचं नाही.

पुढं वेबसाइटी आल्या तेव्हाही तेच. एका मंगल कार्यालयाचं बुकिंग आम्ही इंटरनेटवर आणलं. आपल्याकडे बटण दाबलं आणि लगेच काही हललं नाही, की माणूस दारावर थाप मारावी तसा दाबतच सुटतो. एका मुलीच्या बापानं तसंच केलं. पहिला दिवस भरला म्हणून प्रोग्रॅमनं पुढची थाप दुसऱ्या दिवसावर नेली, त्याच्या नावावर लागोपाठच्या दोन दिवसांचं बुकिंग पडलं, दुसऱ्या दिवसाचं लग्न असलेल्यांना कार्यालय भरलंय असं उत्तर गेलं आणि एवढा गोंधळ झाला की दोन्हीकडची मंडळी भांडत आमच्या माडीवर आली. सर त्या बापाला म्हणाले, "हात मोडला हुता काय एकदा दाबून थांबायला?" तो बिचारा माफी मागत होता. ते गेल्यावर सर माझ्याकडे वळले आणि शांतपणे म्हणाले, "एकदा दाबलं की बटण बंद पडलं पायजे. आजच्या आज कर." म्हणजे चूक आमच्या प्रोग्रॅमची होती. शिव्या त्या बापानं खाल्ल्या.

आता माझं सांगते. सरांकडे येण्याआधी मी एका ट्रस्टच्या डोळ्यांच्या इस्पितळात काउंटरवर कॉम्प्युटर ऑपरेटर होते. आबा, म्हणजे माझे वडील, तिथंच वॉर्डबॉय. त्यांनीच साहेबांच्या मागं लागून मला चिकटवलं होतं. आम्ही बौद्ध. आमच्या घरात खुर्चीवर बसून काम करणारी मी पहिली. आबा पेशंटची गाडी ढकलत माझ्या काउंटरवरून जायचे आणि पेशंट ओळखीचा असो वा नसो, त्याला सांगायचे, "ती बसल्या न्हवं, ती माजी."

काउंटरवर एक आणि आत केबिनमध्ये एक, अशी दोन मशीन होती. आतल्यावर ट्रस्टींची भाची बसायची. आम्ही दोघींनी पेशंटला ऑपरेशनची तारीख हातानं चिठ्ठीवर लिहून द्यायची आणि तीच कॉम्प्युटरमध्ये टाकायची. पुण्याहून सर्जन यायचे त्या दिवशीची यादी मशीन छापून द्यायचं. प्रोग्रॅम सुकुमार सरांचा. एकदा माझ्या मशीनला व्हायरस लागला, सरांनी ते पुसून सगळं नव्यानं टाकलं. त्यानंतर यादीतून नावं गायब होऊ लागली. सगळी नाहीत, काही. आणि गायब होणारं प्रत्येक नाव मी टाकलेलं. भाचीचं एकही नाही.

कुरुंदवाडची एक म्हातारी सुनेबरोबर आली, सकाळपासून उपाशी. यादीत नाव नाही. तिला पुढची तारीख दिली. त्या दिवशीही नाव नाही. सर्जनची यादी भरलेली, मधे कुणाला घुसवायला तयार नाहीत. म्हातारी काउंटरला धरून उभी राहिली. "ल्येकी, माजं नाव कुनी खाल्लं गं?"  तिसऱ्या वेळी नाव आलं तोवर मोतीबिंदू पिकून आत फुगला होता. डॉक्टर म्हणाले, आता या डोळ्यात काही उरलेलं नाही.

बोभाटा झाला. व्यवस्थापकांनी सरांना बोलावलं. सर आले, माझ्या मागं उभे राहिले आणि म्हणाले, "करून दाखव." मी एक नाव टाकलं, महिनाअखेरची तारीख टाकली, यादी काढली. नाव होतं. दुसरं टाकलं. तेही होतं.  मी म्हटलं, "सर, जागा बदलून बघा. तिला इथं बसवा, मला आत." सर व्यवस्थापकांकडे वळून म्हणाले, "प्रोग्रॅम बरोबर हाय. मानूस चुकतोय." व्यवस्थापकांनी आबांनाही काउंटरवर बोलावून घेतलं होतं. व्यवस्थापक आबांना म्हणाले, "तुमच्यात एवढी शिकली हेच लई झालं म्हणायचं. पण कामात ध्यान लागतंय." आबा माझ्याकडे बघत नव्हते. त्यांनी सरांना विचारलं, "साहेब, पोरीचंच चुकलं व्हय?" सर म्हणाले, "व्हय."

माझी नोकरी गेली. आबांची राहिली. त्यांना रोज त्या काउंटरवरून पेशंट न्यावे लागायचे आणि तिथं दुसरी मुलगी बसलेली असायची. ते कुरुंदवाडला जाऊन त्या म्हातारीच्या पाया पडून आले. घरी आल्यावर मला म्हणाले, "मशीन कशाला खोटं बोलंल गं?" आयुष्यात मला कुणी मारलं नाही, आबांनीही नाही. पण ते वाक्य अजून लागतं.

पुढच्या महिन्यात सरांनी मला निरोप पाठवून माडीवर बोलावलं आणि कामावर ठेवलं. का, ते सांगितलं नाही. आबांच्या लेखी ते देव झाले. एवढी मोठी चूक करणाऱ्या पोरीला कोण उभं करतं? अधूनमधून आबा हातात पेरू, नाहीतर भुईमुगाच्या शेंगा घेऊन माडी चढायचे, सरांसमोर हात जोडायचे. सर म्हणायचे, "पोरगी हुशार हाय हं तुमची." आबा म्हणायचे, "तुमी पदरात घेतलासा म्हनून." आणि सर गप्प बसायचे. मला तो त्यांचा मोठेपणा वाटायचा.

काही वर्षांनी एका कारखानदाराकडून मी सरांना फोन केला. त्यांच्याकडे काही बिलं भलत्याच महिन्यात जाऊन पडत होती, तीही महिन्याच्या सुरुवातीची. बारा तारखेनंतर सगळं सुरळीत. मी करून बघून थकले होते. सरांनी पान खात खात सांगितलं, "घड्याळाच्या सेटिंगात तारीख बघ. अमेरिकन झाली असंल. ती लोकं आधी महिना लिवत्यात, मग दिवस. तू पाच जुलै टाकलीस की मशीनला ती सात मे वाटती. बारानंतर तेरावा महिना नसतोय, म्हनून गप गुमान बरोबर घेतंय. इस्पितळात बी त्येच झालतं."

मी विचारलं, "कुठल्या इस्पितळात?"

पलीकडे पान थुंकल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "तुज्या."

मी संध्याकाळी माडीवर गेले. ते खाली मान घालून काहीतरी टाईप करत होते. मान वर न करताच त्यांनी सांगितलं. मला काढल्यावर नवी मुलगी माझ्या जागी बसली आणि तिचीही नावं गायब झाली, तेव्हा ते पुन्हा गेले होते, यावेळी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. बसल्या बसल्या त्यांना कळलं. मशीन पुसून नव्यानं त्यांनीच भरलं होतं आणि तारखेचं सेटिंग बघायला ते विसरले होते. मागची तारीख घेऊ नये एवढी साधी अटसुद्धा प्रोग्रॅममध्ये घातली नव्हती. ती असती तर त्या म्हातारीची पहिलीच नोंद अडली असती. त्यांनी सेटिंग बदललं, चहा घेतला आणि आले. मी म्हटलं, "सांगितलं का नाही?" तर म्हणाले, "सांगून त्या बाईचा डोळा आला असता काय? ट्रस्टच्या शाळांचं सगळं काम माज्याकडं हुतं. त्ये ग्येलं असतं. आनि तुला कामावर घेतलंच की."

मला त्यांचा गळा धरावासा वाटला. मी तसं काही केलं नाही; मला दुसरीकडे कुणी घेतलं नसतं आणि मला ते काम आवडू लागलं होतं, हेही खरं. मी एवढंच मागितलं, "इस्पितळाला नका सांगू. आबांना सांगा." ते म्हणाले, "सांगतो की." आबा त्यानंतरही शेंगा घेऊन येत राहिले. मी प्रत्येक वेळी सरांच्या तोंडाकडे बघत बसायचे. हजार लोकांसमोर दुसऱ्याच्या चुकीचे वाभाडे काढणारा हा माणूस एका म्हाताऱ्या वॉर्डबॉयसमोर स्वतःची चूक उच्चारू शकत नव्हता.

शेवटी ते पोटाच्या आजारानं इस्पितळात पडले तेव्हा आबा हट्टानं माझ्याबरोबर आले. सर पार वाळले होते. मी आबांच्या देखत, मोठ्यानं म्हटलं, "सर, ते सांगायचं राहिलंय. आज सांगा." सरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना सगळं आठवत होतं, मला दिसत होतं. त्यांनी आबांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "आबा... झालं ग्येलं इसरून जावा." आबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "तुमी तवाच इसरलासा साहेब, म्हनून तर आमी जगलो." मी बाहेर जिन्यात येऊन उभी राहिले. त्या क्षणी मला सरांची जराही दया आली नाही. आजही येत नाही.

शोकसभेत लोक भरभरून बोलले. कोल्हापुरातल्या कॉम्प्युटरचा पहिला डॉक्टर, वगैरे. मग आबा उठले. मी त्यांचा सदरा ओढला, पण ते माइकपर्यंत गेले आणि भर सभेत म्हणाले, "माज्या पोरीच्या हातनं एका बाईचा डोळा ग्येला. ह्या मानसानं तिला पोटाशी धरली." सभागृह हळहळलं. काही बायकांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

त्या आठवड्यात मी आबांना ऑफिसात घेऊन आले. एक जुनं मशीन लावलं, तारीख अमेरिकन केली, सरांचा तो जुना प्रोग्रॅम चढवला. त्यांना शेजारी बसवून आबांचंच नाव टाईप केलं, पाच जुलै टाकली, यादी काढली. नाव नाही. मे महिन्याची यादी काढली, तिथं नाव. मग चोवीस जुलै टाकली, नाव जागेवर. म्हटलं, "बघा आबा. मी बरोबरच टाकत होते. हे मशीननं फिरवलं. हे सरांना माहीत होतं." आबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मला पुन्हा करायला लावलं. मी पुन्हा केलं. तसंच झालं. 

मग म्हणाले, "आता तू शिकलीस. तू म्हनशील तसं त्ये दाखवंल."

 त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "मेलेल्या मानसावर असं घालू नगंस बाळ. त्यांनी माफ केलतं न्हवं तुला? मग झालं. आनि त्ये पेपरात लिवनार हाईस न्हवं, त्यात तेवढं नीट लिव. तुजी चूक त्यांनी पोटात घातली, ह्ये ऱ्हाऊ द्येऊ नगंस."

लिहिलं आहे, आबा.