रोझमेरी सिस्टरचा उशिराचा जबाब

मरोळ गावठाणातल्या रोझमेरी सिस्टरला सुळे डॉक्टरांच्या नर्सिंग होममध्ये एकोणीस वर्षं झाली होती. अंधेरी पूर्वेला एका सोसायटीच्या तळमजल्यावर बारा खाटांचा हा दवाखाना. कुठल्या कपाटाची किल्ली कुठे असते, कोणाला सुईचं नाव काढलं तरी चक्कर येते, सगळं तिला तोंडपाठ. डॉक्टरसुद्धा नव्या पेशंटला सांगत, "सिस्टरना विचारा, इथे त्यांचंच राज्य आहे."

मग ऋता आली. चोवीस वर्षांची, बीएस्सी नर्सिंग केलेली, चालताना गुणगुणणारी. तान्ह्या बाळाची शीर तिला पहिल्या फटक्यात सापडायची. रोझमेरीलाही सापडायची, पण हल्ली त्याआधी चष्मा शोधावा लागे. ऋता पोरांच्या प्लॅस्टरवर पेनाने मांजर काढून द्यायची. दोन महिन्यांत पोरांच्या आया काउंटरवर येऊन विचारू लागल्या, "ती नवीन सिस्टर आहे का?" आणि एके दिवशी केबिनमधून डॉक्टरांची हाक आली, "ऋताला पाठवा." रोझमेरी दारातच उभी होती.

त्या संध्याकाळी बोंबील साफ करताना ती नवऱ्याला म्हणाली, "मांजरं काढून कोण बरं होतं काय रे, मार्कस?" मार्कस हसला. तिला हसू आलं नाही.

नोव्हेंबरात सोसायटीचे सेक्रेटरी हर्षद आपल्या सहा वर्षांच्या मधुवंतीला घेऊन आले. मुलीचं मनगट टम्म सुजलं होतं. "जिन्यावरून पडली," हर्षद म्हणाले. ऋताने फ्रॉकची बाही वर सारली आणि तिचा हात थांबला. दंडावर चार बोटांचे निळे वळ होते. मागे खांद्याखाली भाजल्याचा जुना, त्रिकोणी डाग. मुलीला काही विचारलं की ती आधी बापाकडे बघे, मग मान हलवी.

तो डाग रोझमेरीच्या ओळखीचा होता. ऑगस्टमध्ये त्याचं ड्रेसिंग तिनेच केलं होतं. तेव्हा तिने डॉक्टरांना हळूच विचारलंही होतं, "सर, इस्त्री पाठीला कशी लागेल?" डॉक्टरांनी मान वर केली नव्हती. "सिस्टर, आपण यांच्या सोसायटीत बसलोय. तुम्ही ड्रेसिंग करा." तिने ड्रेसिंग केलं, आणि रजिस्टरात लिहिलं: 'खेळताना इस्त्रीने भाजले. अपघात.'

ऋता तडक केबिनमध्ये गेली. दार अर्धवट उघडं होतं.

"सर, पोलिसांना कळवायला हवं."

"तुझी खात्री आहे?"

"खात्री पोलीस करतील. आपल्याला संशय आला की आपण कळवायचं. ते आपल्यावर बंधनकारक आहे, सर."

"मला कायदा शिकवू नकोस. प्लॅस्टर घाल आणि घरी पाठव."

ऋता बाहेर आली, पॅसेजमध्ये उभी राहिली आणि तिने मुलांच्या हेल्पलाइनला, दहा-नऊ-आठला, फोन लावला. तिने नाव, वय, पत्ता, वळ, डाग, सगळं सांगितलं.

रोझमेरी चार पावलांवर उभी होती. तिला भीती वाटली नाही, मधुवंतीची दयासुद्धा नंतर वाटली. पहिल्यांदा आला तो राग. जे शब्द तीन महिने आपल्या घशात अडकले होते, ते कालच्या पोरीने एका दमात बोलून टाकले! शीर सापडणं एक वेळ ठीक. हेसुद्धा हिनेच करायचं?

तासाभरात हेल्पलाइनची माणसं आणि पोलीस आले. मधुवंतीला तिच्या आईसोबत, सपनासोबत, सरकारी इस्पितळात तपासणीला नेलं. हर्षद वेटिंग रूममध्ये सगळ्यांदेखत ओरडले, "बघून घेईन एकेकाला!" ते गेल्यावर डॉक्टर ऋताला एवढंच म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस."

खरं सांगायचं तर रोझमेरीला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी तिने चष्मा लावून एका बाळाची शीर एका फटक्यात धरली, आणि दिवसभर तिचं पाऊल हलकं पडत होतं.

चौथ्या दिवशी ऋता गावठाणातल्या क्रूसापाशी तिची वाट बघत उभी दिसली.

"सिस्टर, हर्षद म्हणतायत की मी आकसाने केलं. जुना डाग अपघाताचा आहे, आपल्याच दवाखान्याने तसं लिहिलंय, असं पोलिसांना सांगितलंय त्यांनी. रजिस्टरातलं ते अक्षर तुमचं आहे."

"मग?"

"तुम्हाला खरंच अपघात वाटला होता?"

रोझमेरी भडकली. "तुला काय गं! आज इथली नोकरी गेली, उद्या दुसरी मिळेल. मला पन्नाशीत दारात कोण उभं करणार? मोठी आली शूर!"

"शूर कसली, सिस्टर," ऋताचे डोळे भरले. "चार दिवस झोप नाही. आई बोलत नाही माझ्याशी. तुम्ही सोबत असाल असं वाटलं होतं मला त्या दिवशी. मी तुमच्याकडे बघत होते फोन करताना."

रोझमेरीला ते आठवलं. ऋताने खरंच बघितलं होतं. आणि आपण नजर हातातल्या ट्रेमध्ये घातली होती.

घरी येऊन तिने मार्कसला सगळं सांगितलं, ऑगस्टपासूनचं. त्याने हातातला पेपर बाजूला ठेवला. मग म्हणाला, "तुझ्या अक्षराआड लपलाय की गं तो माणूस."

सकाळी ती पोलीस ठाण्यात गेली. महिला अधिकाऱ्याने जबाब लिहून घेतला. इस्त्रीचा डाग, मुलीचं बापाकडे बघणं, डॉक्टरांना विचारलेला प्रश्न, त्यांचं उत्तर.

"संशय होता, मग तेव्हाच का नाही कळवलंत?"

"घाबरले. चुकलं माझं."

"हेही लिहू?"

"लिहा."

सही करतानाही तिच्या मनाचा एक कोपरा तसाच धुमसत होता. आपण हे त्या लेकरासाठी केलं, की ऋता एकटीच मोठी ठरू नये म्हणून, हे तिला नक्की सांगता आलं नसतं.

जबाबानंतर सपनानेही तोंड उघडलं. हर्षदवर गुन्हा दाखल झाला. बालकल्याण समितीने मधुवंतीला आईसह नाहूरला आजीकडे राहू दिलं. सुळे डॉक्टरांना नोटीस आली. त्यांनी रोझमेरीला काढलं नाही, पण ते तिच्याशी कामापुरतंच बोलू लागले, तेही चिठ्ठीवर. ऋताला गोरेगावच्या एका मोठ्या इस्पितळात नोकरी लागली, जास्त पगाराची. ते ऐकून रोझमेरीने दोन दिवस नाक मुरडलं. समितीने दोघींना कार्यालयात बोलावलं होतं; तिथे मधुवंती धावत जाऊन ऋताला बिलगली, तेव्हा तर रोझमेरीला खिडकीबाहेर बघावं लागलं. त्या खांद्याला मलम तिनेच लावलं होतं, पण मुलीला ते आठवतही नव्हतं.

मार्चमध्ये दवाखान्यात एक चार वर्षांचं मूल आलं. हाडं मोजता येतील असं, केसांत जटा, पायावर चिघळलेली जखम. सोबतचा काका उत्तरं बदलत होता. रोझमेरीने जखम धुतली, पॅसेजमध्ये जाऊन हेल्पलाइनला फोन केला, आणि मग केबिनमध्ये जाऊन म्हणाली, "सर, मी कळवलंय." डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं. मग म्हणाले, "पोलिसांना द्यायचं पत्र आणा, सही करतो."

दुपारी डबा उघडायच्या आधी तिने ऋताला फोन लावला. "आज मी केला फोन. डॉक्टरांना विचारलंसुद्धा नाही."

"झकास, सिस्टर!" ऋता ओरडलीच.

या पोरीच्या शाबासकीची आपल्याला काय गरज, असं स्वतःशी पुटपुटत रोझमेरीने फोन ठेवला. ती खुशीत होती, आणि त्याचाच तिला राग येत होता.