गार होईपर्यंत धरून ठेवलेला ताण

वैशाखातल्या परभणीत दुपारी आमच्या प्रयोगशाळेत पाऊल टाकले की आधी वास यायचा: गरम मक्याच्या पिठाचा, जरासा करपलेला, आणि त्याखाली वितळत्या मेणासारखा काहीतरी गोडसर. विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाने मराठवाडा धुमसत होता त्या वर्षांत आम्ही मातीत विरून जाणारे प्लास्टिक करण्याच्या खटपटीत होतो. मक्याचा स्टार्च आणि पुण्याहून आलेले, कुजू शकणाऱ्या पॉलिमरचे पांढरे दाणे एकत्र वितळवून पातळ फिल्म काढायची, ती कपाशीच्या सरीवर अंथरायची, पीक निघेपर्यंत तिने ओल राखावी आणि मग निमूट मातीत मिसळून जावे, एवढेच स्वप्न. पण फिल्म हातात घेताच तडकायची. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात स्फटिकांची गोल फुले उमललेली दिसत. प्रत्येक फूल देखणे, आणि दोन फुलांच्या सीमेवर नेमकी भेग.

कौसाबाई तिथे रोजंदारीवर काचेची भांडी धूत. जिंतूरकडच्या बौद्ध कुटुंबातल्या, ताठ मानेच्या, तोंडाने फटकळ. मी साच्यातून काढलेली गरम फिल्म टेबलावर सैल टाकून देताना त्या रोज बघत. एक दिवस त्यांना राहवले नाही.

“सर, काय करायलात हे? शेवई वढून अशी सैल टाकली तर गोळा व्हतो तिचा. ताणून वाळवाय लागती.”

“कौसाबाई, ही शेवई नाही.”

“न्हाई कशी? निम्मं पीठच हाय की.”

त्यांनी फिल्म कोमट असतानाच हळूहळू ओढली आणि गार होईपर्यंत ताण सोडला नाही. मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, तर फुले नाहीशी झालेली. ताणामुळे पॉलिमरच्या लांबच लांब साखळ्या एका दिशेला लागल्या होत्या आणि स्फटिकांनी त्याच दिशेने ओळ धरली होती, तिफण फिरल्यावर रानात उमटाव्यात तशा रेघाच रेघा. मी फिल्म ओढली, पुन्हा ओढली. ती तुटली नाही. मी आनंदाने ओरडलो, इतक्या जोराने की व्हरांड्यातली माणसे धावत आली.

अहवालात मात्र मी लिहिले, ‘आम्हाला असे आढळले.’ प्रयोगशाळेच्या प्रमुख साहेबांनी विचारले होते, कुणा मदतनिसाची ही कल्पना असेल तर नाव द्या, कायम करण्याची शिफारस करतो. बाहेर टपरीवर माझे सवर्ण सहकारी, विद्यापीठाच्या एका नावासाठी एवढा हट्ट कशाला, म्हणून हसत, आणि मीही त्यांच्यात हसत असे. मी म्हणालो, “कुणाची नाही, करता करता सुचले.” मला बढती मिळाली. कौसाबाईंना वर्षभरात कामावरून कमी केले.

इतक्या वर्षांनी, गेल्या महिन्यात, ज्या नियतकालिकात तो अहवाल आला होता त्यातच माझी दुरुस्ती छापून आली: हा शोध कौसाबाईंचा. अंक घेऊन मी एसटीने जिंतूरला गेलो. त्यांच्या शिक्षिका लेकीने ओट्यावर उभे राहून तो मजकूर खणखणीत आवाजात वाचला. अख्खी गल्ली गोळा झाली, कुणीतरी टाळी वाजवली आणि मग ती थांबेचना. उतरत्या उन्हात कौसाबाईंचा पांढराशुभ्र माथा उजळून निघाला होता.

“पुन्यांदा वाच,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. “लय उशीर केलात, सर. कायम झाले असते तर दुसऱ्याच्या रानात खुरपून पोरगी शिकवावी लागली नसती.”

मी मान खाली घातली.

“आन् यात एक चुकलंय. एकल्या माणसाला फिल्म ताणता येती व्हय? दुसरं टोक भागीरथीनं धरलं व्हतं. झाडाय यायची ती.”

डोळे मिटून मी तो क्षण आठवून पाहिला. कौसाबाईंची बोटे दिसली, उजेडात चकाकणारी फिल्म दिसली; तिच्या पलीकडे कुणीच नव्हते. इतकी वर्षे ज्याला मी माझे पूर्ण सत्य समजत होतो, त्यातही एक माणूस गाळलेला होता. तरी विलक्षण हलके वाटले. मी खिशातून पेन काढले.

“भागीरथीबाईंचं आडनाव काय?”

कौसाबाई खळखळून हसल्या, आणि सगळा ओटा एकमेकांना थांबवत ते आडनाव आठवू लागला.